शहागडपर्यंत हळूहळू

पुण्याहून निघताना

जालन्याला मुद्दाम फिरायला गेलेलं माणूस माझ्या तरी ओळखीत नाही. मीही फिरायला गेले नव्हते. आमच्या कंपनीचं तिथे पाच माणसांचं एक ऑफिस आहे. ते ठेवायचं की बंद करायचं हे ठरवायला हॉलंडहून वाउटर आला होता, आणि त्याच्या सोबतीला मला धाडलं होतं. परत आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय गं माधुरी, काय काय बघितलंस?" मला धड काही सांगताच आलं नाही. म्हणून आता बसून लिहितेय.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कंपनी बियाण्यांची. कुठलं बियाणं कुठल्या शेतातून आलं, त्याची उगवण किती, ते कोणत्या गोदामात पडलंय, याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. त्याचा एक भाग हॉलंडमध्ये लिहिला जातो, एक पुण्यात, एक जालन्यात. आणि मी मध्ये. सकाळी जालन्याचं ऐकायचं, दुपारी ते हॉलंडला समजेल असं सांगायचं, संध्याकाळी हॉलंडचं बोलणं जालन्याला लागणार नाही अशा बेतानं परत पोचवायचं. पन्नाशीला आलेय आणि सासर-माहेर सांभाळण्याचा पगार घेतेय. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं माझं ताट रोज कुठल्या ना कुठल्या मीटिंगमध्ये थंड होतं. थकलेय मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे चिडचिड दिसली तर समजून घ्याल.

भांडण असं होतं. दिवाळीनंतर आम्ही सगळ्या नोंदी जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवल्या. जालन्याचा प्रमुख प्रदीप खरात. त्यानं सोमवारी आमच्या तिघांच्या कॉलवर कळवलं, सिस्टिम जरा हळू चालतेय. मंगळवारी कळवलं, काही नोंदी तपासतोय. बुधवारी, काही नोंदी दिसत नाहीयेत. गुरुवारी कळवलं, एका अख्ख्या हंगामाच्या उगवण तपासणीच्या नोंदी गेल्या. मधल्या बुधवारी हॉलंडच्या लोकांनी, आधी ठरलं होतं तसा, जुना सर्व्हर पुसून टाकला होता. सोमवारी कोणी स्पष्ट बोललं असतं तर ते थांबवता आलं असतं. मग काय, भरलेल्या गोण्या पुन्हा उघडा, पुन्हा नमुने काढा, पुन्हा उगवण लावा. ट्रक गोदामाच्या दारात उभे.

वाउटरचं म्हणणं एवढंच, की तो माणूस चार दिवस माझ्याशी खोटं बोलला. प्रदीपचं म्हणणं, "मॅडम, मी एक शब्द खोटा बोललो नाही." दोघांचंही बरोबर होतं, आणि मला दोघांचाही कंटाळा आला होता.

याच विषयावर मी ऑफिसात दरवर्षी प्रशिक्षण देते हे सांगायला लाज वाटते. त्यात एक हिमनगाचं चित्र आहे. वर दिसतं ते वागणं, पाण्याखाली संस्कृती. सगळे माना डोलावतात, चहा-बिस्किटं होतात आणि दुसऱ्या दिवशी पालथ्या घड्यावर पाणी.

गाडी भाड्याची होती. ड्रायव्हर शिंदे, पुण्यात वीस-एक वर्षं काढलेले, मूळचे बीडकडचे. रस्त्याचं वर्णन करत नाही, सगळे टोलनाके सारखेच. नगरच्या पुढे एका ढाब्यावर वेटरनं सवयीनं विचारलं, "कसं होतं जेवण?" वाउटर म्हणाला, "डाळ गार होती आणि मीठ जास्त." वेटर माझ्याकडे बघायला लागला. मी सवयीनंच म्हटलं, "छान होतं." गाडीत बसताना वाउटरनं विचारलं, निघताना काय म्हणतात तुमच्यात? शिंदेच बोलले, "साहेब, जातो म्हणायचं नाही. येतो म्हणायचं." मी ते इंग्रजीत समजावलं. वाउटर म्हणाला, "पण मी तर परत येणार नाहीये." शिंदे म्हणाले, "तरी." मग जालना येईपर्यंत तो अधूनमधून "येतो, येतो" असं घोकत होता.

जालना

जालना एमआयडीसीत शिरलं की आधी नाकाला कळतं. तापलेल्या लोखंडाचा वास येतो, सळया ओढणाऱ्या रोलिंग मिलांचा. थोडं पुढे गेलं की बियाण्यांचे प्लांट, तिथे औषध लावलेल्या बियाण्याचा कडवट वास. सकाळच्या पाळीला माणसं मोटरसायकलवर तिघं-तिघं बसून, टेम्पोत उभ्यानं, डबे हँडलला अडकवून येत होती. जानेवारीची थंडी होती, सगळ्यांच्या कानाला रुमाल. वाउटरनं विचारलं, यांच्या डोक्याला हेल्मेट का नाही? मी म्हटलं, हा प्रश्न तू मला दर शहरात विचारतोस.

आमचं ऑफिस मात्र गावात, नव्या जालन्यात, बियाण्यांच्या दुकानाच्या वर. जिना अरुंद. वाउटरनं पहिल्याच वळणावर डोकं आपटून घेतलं आणि वर पोचला तो कपाळ चोळत. वर सगळे उभे. इस्त्रीचे कपडे, टेबलावर गुलाबाचे हार. ज्यांना काढून टाकायला हा माणूस आलाय त्यांच्या हातून त्यानं हार घालून घेतला. मला कसंतरीच झालं.

प्रदीप पस्तिशीचा असेल. सडपातळ, शांत, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. पुण्यात आमच्याकडे सहा-सात वर्षं होता. आई एकटी पडली म्हणून परत आला. त्यानंच सांगून-सांगून कंपनीला इथे ऑफिस उघडायला लावलं. ऑफिस बंद म्हणजे त्यानं पुन्हा पुण्याची खोली बघायची, नाहीतर घरी बसायचं. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. वाउटरलाही मी सांगितलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, "वाईट वाटतं. पण ते कारण होऊ शकत नाही."

मीटिंग सुरू झाली. वाउटरचं एक घाव दोन तुकडे. "सोमवारी कोणाकोणाला माहीत होतं?" खालच्या दुकानातला तराजू ऐकू येत होता. शेवटी प्रदीप म्हणाला, "सर, आपण आधी जेवण करून घेऊ. मग बोलू." वाउटरनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगलीच कळते. बघ, हेच, असं ती म्हणते.

जेवायला सगळ्यांचे डबे मध्ये एकत्र उघडले. वाउटर त्याच्या देशात संगणकासमोर बसून एकटाच पावाला चीज लावून खातो. इथे ज्वारीची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, आणि रुबिनाच्या डब्यातली मसूर. रुबिना तिथली सॉफ्टवेअर तपासणारी टेस्टर, बोलघेवडी पोरगी. तिनं विचारलं, "सर, कैसा लगा?" वाउटर म्हणाला, "चव चांगली आहे. तेल फार आहे." सगळे आपापल्या डब्यात बघायला लागले. रुबिनाच हसली. "बराबर आहे सर. अम्मीचा हात जरा भारी आहे." सोमवारपासून तेल कमी घालायला सांगते, म्हणाली. मग हळूच एकेकानं कबूल केलं, की दोन वर्षं सगळे ते तेल बाजूला काढून खात होते. कोणी बोललं नव्हतं. त्या दिवशी वाउटर मला थोडा आवडला.

जेवणानंतरही बोलणं झालंच नाही धड. प्रदीपनं एवढंच सांगितलं, "सर, मला सोमवारीच अंदाज आल्ता. पण तुम्ही सकाळी उठून नुकते कॉलवर बसलेले. एकदम कसं सांगू?" वाउटर म्हणाला, "मी बसलेला होतो हे तर चांगलंच होतं." प्रदीपला ते टोचलं. त्यानं मान खाली घातली, आणि मग विषय बदलून म्हणाला, "उद्या रविवार आहे. शेतात हुरडा आहे. मायनं बोलावलंय तुम्हाला दोघांनाबी."

अंबडच्या अलीकडे

सकाळी हॉटेलात इडली खाताना वाउटरनं मला सांगितलं, की त्याचं ठरलंय. ऑफिस बंद. काम पोलंडला जाईल. "मी आजच त्याला सांगणार. समोरासमोर. त्याचा तेवढा मान ठेवायला हवा." मी म्हटलं, त्याच्याच घरी जाऊन, त्याच्या आईसमोर? तो म्हणाला, "आईला इंग्रजी येतं का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग काय अडचण आहे?" मी भांडले नाही. भांडायला ताकद लागते. फक्त म्हटलं, निदान हुरडा खाऊन होऊ दे. त्यानं ते कबूल केलं, माझ्यावर उपकार केल्यासारखं.

गाव अंबडच्या अलीकडे, हमरस्त्यापासून थोडं आत. सिमेंटची दोन खोल्यांची घरं, दारात शेळी, भिंतीवर निळा रंग. प्रदीपच्या घरात बुद्धाची तसबीर आणि खाली त्याचं कॉलेजातलं बक्षीस. आई शांताबाई, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. पाहुणे येणार म्हणून नवी हिरवी साडी नेसल्या होत्या, घडीच्या रेघाही मोडल्या नव्हत्या. वाउटरला बघून म्हणाल्या, "केवढं उंच लेकरू हे. माय काय खाऊ घालती याची?" मी सांगितल्यावर वाउटर म्हणाला, "बटाटे." त्यांना ते फार पटलं नाही.

शेत घरामागेच. शाळूची कणसं कोवळी, आगटीत गोवऱ्यांची धग. शांताबाई भाजलेलं कणीस तळहातावर चोळायच्या, फुंकर मारून फोलपट उडवायच्या आणि गरम हुरडा सरळ आपल्या हातावर ओतायच्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, ताक. वाउटरनं स्वतः कणीस चोळायला घेतलं आणि बोटं भाजून घेतली. बियाण्याच्या कंपनीत त्याची इतकी वर्षं गेली, पण ओलं बी असं हातावर घेऊन त्यानं कधी खाल्लं नव्हतं. तो खूश होता. मी हातातला हुरडा तसाच धरून त्याच्याकडे बघत होते. हे संपलं की तो बोलणार.

प्रदीपचा फोन वाजला. तो बोलत-बोलत बांधापर्यंत गेला. तिथे बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. आईला म्हणाला, "माय, शहागडहून फोन आल्ता. मामाला जरा बराबर वाटून न्हाई राह्यलं. जाऊन यावं म्हणतो."

शांताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. एकदाच. मग तांब्यातलं पाणी आगटीवर ओतलं. आत अर्धी कणसं तशीच होती. घरात जाऊन त्यांनी हिरवी साडी सोडली, जुनी धुवट नेसल्या. शेजारणीला हाक मारून म्हणाल्या, "शेळीकडं बघशील गं. परवापर्यंत तरी." आणि कुलूप लावलं.

मला तिथेच समजायला हवं होतं. माझ्या वडिलांच्या वेळी मला भावाचा फोन आला होता, "बाबांना ॲडमिट केलंय, निघ." मी एक शब्द न विचारता पांढरा पंजाबी ड्रेस बॅगेत टाकला होता. सांगलीला पोचेपर्यंत कोणी काही बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. पण वर्षानुवर्षं हिमनग दाखवून दाखवून माझीच अक्कल गोठली असावी.

प्रदीप मोटरसायकल काढायला लागला. वाउटर म्हणाला, "गाडी आहे ना आपली. चला."

शहागडच्या रस्त्यावर

वाउटर पुढे, शिंद्यांच्या शेजारी. मागे मी, मध्ये शांताबाई, पलीकडे प्रदीप. अंबड मागे पडलं. मग वाउटर मागे वळला आणि इंग्रजीत, त्याच्या पद्धतीनं, सरळ विचारलं, "प्रदीप, तुझा मामा वारलाय का?"

मी डोळे मिटून घेतले. प्रदीपनं इंग्रजीतच उत्तर दिलं, शांतपणे. "हो सर. सकाळी. हार्ट अटॅक."

आणि दुसऱ्याच क्षणी आईकडे वळून म्हणाला, "साहेब विचारून राह्यलेत तब्येतीचं. दवाखान्यात नेलंय म्हणं मामाला."

"कोणत्या?"

"तिथल्याच."

"बरं," शांताबाई म्हणाल्या.

म्हणजे त्याला सरळ बोलता येत होतं तर. एवढी वर्षं मी त्याला शिकवत होते, आणि त्याला येतच होतं. इंग्रजीत त्याला मामा नव्हता, एवढंच. मराठीत होता. या मामाचं शहागडला हायवेवर टायरचं दुकान, आणि दहावीपर्यंत प्रदीप त्याच्याच घरी राहून शिकला, हे शांताबाईंनी मला सकाळीच कौतुकानं सांगितलं होतं.

वाउटर पुढे तोंड करून बसला होता. त्याची मान मागून लाल झालेली दिसत होती. आता त्याच्याकडेही एक बातमी होती जी त्यानं मागे बसलेल्या बाईंना सांगायची नव्हती, आणि आणखी एक होती जी प्रदीपला सांगायची होती. असं दुहेरी ओझं त्यानं आयुष्यात कधी उचललं नसेल. मी ते रोज उचलते. मला त्याची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

वडीगोद्रीला गाडी हायवेला लागली. प्रदीप म्हणाला, "माय, डॉक्टर म्हणून राह्यलेत का आता काही सांगता येत न्हाई."

"आसं का. मंग?"

"मंग काही न्हाई. बघू."

अंकुशनगरपाशी गाडी थांबली ती थांबलीच. तिथल्या साखर कारखान्याचं गाळप जोरात होतं. एका ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीतला ऊस रस्त्यावर सांडला होता आणि दोन्ही बाजूंनी उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. मळीचा गोडूस, आंबूस वास काच बंद असतानाही आत येत होता. शिंदे म्हणाले, "आता बसा." प्रदीप उतरला, बघतो म्हणाला, आणि उसाच्या ढिगाऱ्याकडे चालत गेला. लांबून दिसलं, तो माणसांबरोबर ऊस उचलून बाजूला टाकायला लागला होता.

शांताबाई समोर बघत म्हणाल्या, "ताई, दादा गेला माझा."

मी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगाया कशाला लागतंय. फोन ठेवून त्यो बांधावर हुबा राह्यला तव्हाच कळलं मला."

"मग प्रदीपला तसं बोलत का नाही तुम्ही? एवढं लपवायला लागतंय त्याला."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. रडणं नव्हतं ते, नुसतं पाणी आलं होतं. "सांगू द्या त्याला. मामाच्या हाताखाली वाढला त्यो. एकदम तोंडातून काढलं तर त्यालाच झेपायचं न्हाई. मला थोडं थोडं सांगून राह्यला न, म्हंजी त्यालाबी थोडं थोडं कळून राह्यलंय. मी आपली मंग, मंग करती."

वाउटरनं विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं. जसं होतं तसं, काही न कापता, काही न घालता. एवढं सरळ भाषांतर मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. तो प्रदीप ऊस उचलत होता तिकडे बघायला लागला.

प्रदीप परत आला, हात उसाच्या पाचटानं ओरबाडलेले. गाडी सुटली. गोदावरीचा पूल दिसायला लागला तेव्हा त्यानं आईचा हात धरला. "माय, मामा न्हाई राह्यला."

"व्हय बाळा," त्या म्हणाल्या आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. मग मात्र तो लहान पोरासारखा रडला. शिंद्यांनी गाडी हळू केली.

शहागड

हायवेला लागूनच दुकान. शटर खाली, बाहेर टायरांची चवड, हवा भरायचं मशीन पोत्यानं झाकलेलं. समोरून ट्रक धडाधड जात होते. काही ड्रायव्हर दुकान बंद बघून थांबायचे, विचारायचे, आणि मग टायर विसरून रांगेत उभे राहायचे. मामा ओळखीचा माणूस दिसतोय सगळ्या रस्त्याच्या, असं मनात आलं.

मी बायकांमध्ये जाऊन बसले. शांताबाईंचा आवाज आत पोचल्यावर फुटला. तोवर एक हुंदका नव्हता. मीही रडले. कोणासाठी ते नक्की सांगता येणार नाही, बाबांसाठी असेल, किंवा नुसतीच दमले होते म्हणून असेल.

त्रिशरण, पंचशील झालं आणि माणसं निघाली. कोणीतरी वाउटरलाही खुणेनं खांदा द्यायला बोलावलं. तो गेला. पण त्याच्या उंचीनं तिरडी एका बाजूला वर व्हायला लागली. मग तो गुडघे वाकवून चालला, नदीपर्यंत, वाकडा-वाकडा. कोणी हसलं नाही. परत आला तेव्हा त्याला धड उभं राहता येत नव्हतं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या हॉटेलवाल्यानं सगळ्यांना चहा पाठवला. तो आम्ही रस्त्याकडेला उभ्यानं घेतला.

निघायची वेळ झाली. अशा घरातून निघताना काही बोलायचं नसतं, गुपचूप निघायचं असतं. हे मी वाउटरला सांगायला विसरले. तो सरळ दारात बसलेल्या शांताबाईंसमोर गेला, हात जोडले आणि स्पष्ट उच्चारात म्हणाला, "येतो."

बायका चपापल्या. एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. माझा तर जीवच गेला. शांताबाईंनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. "या बाबा," त्या म्हणाल्या. "या. पण चांगल्या टायमाला या. कणसं राह्यली अर्धी."

प्रदीप गाडीपर्यंत सोडायला आला. वाउटरसमोर उभा राहून इंग्रजीत म्हणाला, "सर, तुम्हाला आज काही बोलायचं होतं. मॅडमच्या चेहऱ्यावरून कळलं मला. बोला. मी ऐकतो." वाउटरनं गाडीचं दार उघडलं. मग म्हणाला, "आज काही खास नाही. नंतर बोलू." प्रदीप हसला. अगदी थोडं. त्याला काय कळायचं ते कळलं होतं.

शिंद्यांनी पुलापलीकडे जाऊन गाडी वळवली. वाउटर म्हणाला, "मला सांगता आलं नाही."

"हा तुझा सोमवार," मी म्हटलं.

तो चिडला. "नाही. हे सारखं नाही. बियाणं म्हणजे मामा नाही. मला वेळेवर कळलं असतं तर मी काहीतरी वाचवू शकलो असतो. त्या बाईंना काय वाचवायचं होतं?"

त्याचंही खरं होतं. सर्व्हर पुसला गेला तो गेलाच. मी म्हटलं, तुझं बरोबर आहे. आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेले. दोघांचं बरोबर असलं की मला झोप येते.

पुणे

वाउटर दुसऱ्या दिवशी विमानात बसला. जालन्याबद्दल काही बोलला नाही. पुढचे काही आठवडे प्रदीप नेहमीसारखा सकाळी फोन करायचा, मी दुपारी हॉलंडला सांगायची. ऑफिसचं काय होणार हे तो विचारायचा नाही. फक्त म्हणायचा, "बाकी काही विशेष, मॅडम?" मी म्हणायची, "अजून तरी नाही." दोघांनाही माहीत होतं आपण काय बोलतोय.

मागच्या शुक्रवारी दुपारी वाउटरचा व्हिडिओ कॉल आला. ठरलेला नव्हता. एरवी तो नमस्कार-चमत्कार न करता सरळ कामावर येतो. त्या दिवशी त्यानं पुण्यात ऊन किती आहे ते विचारलं. माझ्या मुलीचं विचारलं. मग म्हणाला, "जालना आपण ठेवतोय."

मी खुर्चीत मागे टेकले. बरं वाटलं, खूपच. प्रदीपचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"मी आणि प्रदीप आता रोज थेट बोलणार," तो म्हणाला. "त्यानं नुसतं 'जरा बराबर नाही' म्हटलं तरी मी आधी सगळं थांबवणार, प्रश्न नंतर विचारणार. आणि त्यानंही कबूल केलंय, पहिल्या दिवशीच म्हणायचं. आम्ही दोघांनी ठरवलंय."

"छान," मी म्हटलं.

तो थांबला. पाण्याची बाटली उचलली, प्यायला नाही, खाली ठेवली. कपाळ चोळलं. "त्यामुळे, माधुरी, इकडच्या रचनेत जरा काही बदल होतील. म्हणजे, तसा विचार चाललाय. अजून नक्की नाही."

दोघं थेट बोलायला लागले की मधल्या माणसाचं काय काम? त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधी मला कळलं. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. ही नोकरी मला नकोशी झाली होती, तरी ती माझी होती.

पण स्क्रीनवरचा तो एवढा मोठा माणूस शब्द शोधत होता, आणि त्याला ते सापडत नव्हते. त्याची मान लाल झाली होती, गाडीत झाली होती तशीच. मी टेबलावरच्या माझ्या चहाच्या कपावर बशी झाकली. आता तो चहा प्यायला जाणार नव्हताच.

"आसं का," मी म्हटलं. "बरं. मग?"